‘लहान मशीन म्हणजे तोटा’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

नागपुरातील ठेकेदार, प्लॉटधारक आणि मशीनमालक यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. मिनी पोकलेन (पट्ट्यांवर चालणारे लहान खोदयंत्र) किंवा बॉबकॅट (पुढे बकेट असलेला लहान लोडर) विकत घेणे अथवा भाड्याने बोलावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे त्याचे म्हणणे आहे. त्यासाठी कारणे दिली आहेत ती अशी : बकेट लहान असल्यामुळे कामाला तिप्पट वेळ लागतो, विदर्भाच्या जमिनीपुढे ही मशीन टिकत नाही, तिला साइटवर न्यायला दुसरे वाहन लागते, आणि ती मजुरांच्या पोटावर पाय देते. शेवटी एक सल्लाही आहे : घेतलीच तर ऑपरेटर ठेवू नका, कोणीही चालवू शकतो. अनेक जण हे वाचून निर्णय घेत असल्यामुळे त्यातील एकेक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

बकेटचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचा संदेश त्याच्याच आधारावर उभा आहे. हायवा, म्हणजे मोठा टिपर ट्रक, भरायचा असेल किंवा मोकळ्या लेआउटमधील मुरुमाचा ढीग हलवायचा असेल, तर मोठी बकेट सरसच ठरते, याविषयी वाद नाही. परंतु घरमालकाची बहुतेक कामे त्या प्रकारची नसतात. हुडकेश्वर किंवा बेसा भागातील ३० बाय ५० फुटांचा प्लॉट घ्या. घर बांधून झालेले आहे आणि मागच्या न्हाणीघरापासून समोरच्या चेंबरपर्यंत सांडपाण्याची ११० मिलिमीटरची लाइन टाकायची आहे, म्हणजे १५ मीटर लांब आणि एक मीटर खोल चर हवा. ७५ सेंटिमीटर रुंदीच्या बकेटने तो खोदला तर सव्वाअकरा घनमीटर, म्हणजे सुमारे चार ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते. ३० सेंटिमीटरच्या बकेटने तोच चर साडेचार घनमीटरमध्ये, दीड ब्रासपेक्षा थोड्या अधिक मातीत होतो. जी माती काढायचीच नव्हती ती झपाट्याने काढली, याला वेग म्हणणे मला पटत नाही. शिवाय निघालेली माती पुन्हा भरावी लागते. काळ्या मातीचा भराव कितीही दाबला तरी पहिल्या पावसाळ्यात बसतो, आणि चर जितका रुंद, तितके वरचे पेव्हर ब्लॉक अधिक खचतात.

आणि हे सर्व मोठी मशीन तेथे पोहोचली तरच. आपण सरसकट जेसीबी म्हणतो ती बॅकहो लोडर सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद आणि सुमारे साडेसात टन वजनाची असते. घराच्या बाजूचे मार्जिन, म्हणजे मोकळी सोडलेली जागा, मीटर-दीड मीटरचे असते. पावणेदोन टनी मिनी पोकलेनच्या अनेक मॉडेलांत पट्टे आत ओढून रुंदी एक मीटरच्या थोडी आत आणता येते, आणि बूम, म्हणजे खोदणारा लांब हात, मुळाशी बाजूला वळत असल्यामुळे भिंतीला समांतर खोदता येते. तेव्हा तुलना तासाच्या भाड्याची करून भागत नाही. मोठी मशीन आत घेण्यासाठी पाडलेली कंपाउंडची भिंत, ती पुन्हा बांधणाऱ्या मिस्त्रीची मजुरी आणि चाकांखाली फुटलेली फरशी यांचाही खर्च त्याच कामावर चढतो. जुन्या नागपुरातील इतवारी आणि महाल या भागांतील गल्ल्यांत तर प्रश्नच उरत नाही. तेथे शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला टेकलेली असते आणि जुन्या घराचा एखादाच भाग उतरवायचा असतो. लहान ब्रेकर, म्हणजे फोडणारा यांत्रिक हातोडा, लावलेली मशीन किंवा छिन्नी-हातोडा, एवढेच दोन मार्ग असतात.

ही मशीन म्हणजे मोठ्या मशीनची कापून लहान केलेली प्रत, असे संदेश गृहीत धरतो. इतिहास वेगळा आहे. १९५७ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई केलर या भावांनी एका टर्की पालकासाठी लोडर तयार केला, कारण खुराड्यातील खांबांमधून फिरेल आणि वरच्या मजल्यावर चढवता येईल इतके हलके यंत्र बाजारात मिळत नव्हते. आजचा बॉबकॅट त्या लोडरचा वंशज आहे. अडचणीची जागा हीच त्याच्या जन्माची गरज होती.

जमिनीविषयीच्या आक्षेपात अर्धे तथ्य आहे. शहराच्या पश्चिमेला, सेमिनरी हिल्सच्या बाजूला, थोड्याच खोलीवर बेसॉल्टचा कातळ लागतो; तेथे तळघर खोदायचे असेल तर मोठी पोकलेन आणि जड ब्रेकरच हवा, आणि लहान मशीनवर तो भार टाकणारा मालक तिच्या सांध्यांतील पिन आणि बुश दोन्ही खराब करून घेईल. मात्र काळ्या मातीत चित्र उलटते. रबरी पट्ट्यांवरील लहान मशीनचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाव ते एक तृतीयांश किलो असतो, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली पडतो साधारण तेवढाच. जुलैत ज्या प्लॉटवर टायरची मशीन रुतून बसते, तेथे ही काम करू शकते. यासाठी मालकाने एक शिस्त मात्र पाळली पाहिजे. ओली काळी माती पट्टा फिरवणाऱ्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकाच्या) दातांत आणि रोलरांच्या मध्ये घट्ट भरते. संध्याकाळी मशीन उभी करण्यापूर्वी ती खुरप्याने काढून पाण्याने धुतली नाही, तर रात्रीतून वाळते, पट्टा प्रमाणाबाहेर ताणला जातो आणि रोलरची सीले फाटतात. ‘ही मशीन आपल्याकडे टिकत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते.

वाहतुकीचा आक्षेप खरा आहे. पट्ट्यांची मशीन ताशी चारेक किलोमीटरने चालते आणि रस्त्यावरून नेण्यासाठी ती नाहीच. तिला वाहनावर चढवावे लागते. काटोल रोडचे एक आणि वाठोड्याचे एक अशी तुटक कामे घेणाऱ्याचा नफा भाड्यात जाईल. एका भागातील दोन-तीन कामे जोडून घ्यावीत, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

मजुरांविषयीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहानुभूतीच्या भाषेत मांडलेला आहे. बिगारी आणि रेजा (बांधकामावरील स्त्री मजूर) यांच्या रोजीची काळजी योग्यच आहे. परंतु चर खोदणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणे येथे नेहमीचे आहे. त्या उन्हात टिकाव आणि घमेले घेऊन माणूस चरात उतरतो. आयएस ३७६४ या भारतीय मानकानुसार दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार देणे बंधनकारक आहे; घरगुती कामांत फळ्या आणि टेकू लावलेला चर क्वचितच दिसतो. पावसात फुगलेली काळी माती सूचना न देता ढासळते, आणि छातीपर्यंत दबलेला माणूसही श्वास कोंडून दगावतो. मशीन वरून खोदते, त्यामुळे खोदणाऱ्याला खाली उतरावे लागत नाही. पाइप जोडणे, उतार तपासणे, चेंबरची वीट बांधणे, भराव कुटणे ही कामे तरीही माणसांनाच करावी लागतात, आणि त्यांचा रोज बुडत नाही. पाइप जोडण्यासाठी माणूस उतरणार असेल, तर दीड मीटरपलीकडे आधार लावण्याची जबाबदारी मशीनमुळे टळत नाही, हे मालकांनी लक्षात ठेवावे.

शेवटचा सल्ला मात्र धोकादायक आहे. लहान मशीन हलकी असते, म्हणूनच लवकर कलंडते. बॉबकॅटवर भरलेली बकेट वर धरून वळण घेतले, तर तोल जाण्यास क्षणही लागत नाही. बकेट जमिनीलगत ठेवूनच चालवायचे असते आणि चढ-उतारावर जड बाजू नेहमी चढाकडे ठेवायची असते, म्हणजे रिकाम्या बकेटने चढायचे असेल तर मागे-मागे. मशीनच्या उचललेल्या लोखंडी हातांखाली, आधाराची खीळ न लावता, दुरुस्तीसाठी वाकणे जिवावर बेतते. सीटबेल्ट आणि मांडीवरचा बार काढून चालवणाऱ्याला वरची संरक्षक चौकट वाचवू शकत नाही. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलतर्फे ऑपरेटरांचे प्रशिक्षण आणि प्रमाणीकरण होते. भाड्याने मशीन बोलावणाऱ्याने दर विचारण्याआधी ऑपरेटरचे प्रमाणपत्र विचारावे, आणि गेटजवळून वीजवाहिनी किंवा नळाची लाइन जात असेल तर पहिला दोन फुटांचा खड्डा हातानेच खणून घ्यावा.