गणपतीतल्या ‘त्या कागदा’बद्दल

नमस्कार,

गणपतीला गावी जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना अडीअडचणीची माहिती द्यावी, ती कागदावर लिहून भिंतीला लावावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ऐन सणात असलं अभद्र कशाला, पोरं घाबरतात. आपल्या वाडवडिलांनी कुठे भिंतीवर कागद चिकटवले होते. आणि वेळ आलीच तर मदतीसाठी ११२ नंबर आहेच.

वाडवडिलांचं आधी. ते बारा महिने वाडीत राहायचे. कुठल्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, साप असतो, रात्री गाडी कोण काढेल, हे पोराटोरांनाही ठाऊक असायचं. आज आपलं घर वर्षभर बंद. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुलूप उघडतं, मागचं परडं गवताने भरलेलं असतं आणि मुंबई-ठाण्याची पंचवीस माणसं एकदम आत शिरतात. त्यातल्या निम्म्यांना वाडीचं नावसुद्धा सांगता येत नाही.

हे मी ऐकीव लिहीत नाही. गणपतीच्या वर टांगायच्या माटवीसाठी कवंडळं, म्हणजे रानातली फळं, आणायला माझा चुलतभाऊ संध्याकाळी उतरला आणि गडग्याजवळ त्याच्या पायाला फुरसं हा विषारी साप चावला. एकाने सुंभ आणून गुडघ्याखाली करकचून बांधलं, दुसरा मांत्रिकाचं नाव घेऊ लागला. आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर. वहिनी धावत वर गेली, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावला. समोरून विचारलं, गाव कुठलं, वाडी कुठली, तालुका कुठला? लग्नाला नऊ वर्षं झालेली वहिनी रडत एवढंच सांगत राहिली, “आमचं गावचं घर.” तिची काय चूक? तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे ११२ आहेच, हे मला पुरेसं वाटत नाही. फोन उचलणाऱ्याला पत्ता आपणच द्यायचा असतो.

शेवटी शेजाऱ्याच्या रिक्षातून नेलं. डॉक्टरांनी आधी सुंभ सोडवलं, मग थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन ती टेबलावर उभी केली आणि वीस मिनिटं कोणी हात लावू नका म्हणाले. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत बसलो. वीस मिनिटांनी त्यांनी ती आडवी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. लगेच सापाच्या विषावरची लस सुरू केली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ती एकच लस चालते, हेही मला त्या रात्री कळलं. भाऊ चौथ्या दिवशी घरी आला, तोवर दीड दिवसाचे गणपती पोचवून झाले होते.

बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही, चालवायचं नाही, सूज चढायच्या आत पैंजण-जोडवी काढायची, आणि लस असलेलं रुग्णालय गाठायचं. ते कुठलं, हे गावात पोचल्या दिवशीच विचारून ठेवायचं. एवढं आम्हाला कोणी चहा पिताना सांगितलं असतं, तर अर्धा तास वाचला असता.

पोरं घाबरतात, हा माझा तरी अनुभव नाही. भाचीला पत्ता पाठ करायला लावला, तर ती आरतीसारखा म्हणत फिरत होती. घाबरलेली पोरं मी त्या संध्याकाळी पाहिली, मोठी माणसं एकमेकांवर ओरडत होती तेव्हा.

तुमची एक गोष्ट मात्र मनापासून पटली. माझी यादी फार लांब होती. सणाच्या गडबडीत ती कोण वाचणार? आता चारच ओळी ठेवल्या आहेत: वाडी-गाव-तालुक्यासकट पूर्ण पत्ता आणि खुणेचं देऊळ; लस असलेलं रुग्णालय; रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे नंबर; आणि बाबांच्या रक्तदाबाच्या व काकीच्या मधुमेहाच्या गोळ्यांची नावं. कागद देवघरात नको असं तुम्हाला वाटत असेल, तर स्वयंपाकघराच्या दाराला लावा. आमच्याकडे तो तिथेच आहे, बॅटरीच्या खिळ्याला. यंदा वहिनीनेच स्वतःच्या अक्षरात लिहून काढलाय.