खेळणंच आहे तर तसं सांगून विका ना!

नागपूरच्या बर्डी बाजारातून भाचीसाठी युकुलेले आणलं, गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य. हे तिसरं! रंग झकास, वर सूर्यफूल काढलेलं. पण चारही तारा जी-सी-ई-ए या सुरांत लावून एक गाणं संपेस्तोवर खुंट्या घसरतात. नायलॉनच्या नव्या तारा सुरुवातीला सैलावतातच, ते मान्य. पण दांडीवरच्या बाराव्या पडद्यावर, म्हणजे आडव्या पट्टीवर, तार दाबली की मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर यायला हवा, तो सरळ चढा लागतो. पडदे नाहीतर तारा जिच्यावर टेकतात ती घोडीच चुकीच्या जागी बसवली असेल, तर सूर जुळवायचा ट्यूनर काय करणार? दुकानदार म्हणे, "सराव करू द्या." अन् पोरगी रडवेली होऊन म्हणते, "मामा, मलाच जमत नाही ना?" इथं डोकं फिरतं माझं. अगं, तुझा कान एकदम बरोबर आहे!