कप्पीच्या गणितात ‘ताण म्हणजे लटकलेलं वजन’ हे चूक का आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पीयूसीच्या (कर्नाटकातली अकरावी-बारावी) मुलांच्या मोबाइलवर कप्पीच्या गणितांचा एक शॉर्टकट फिरतो आहे. त्याचं म्हणणं चार ओळींचं: दोरीतला ताण लटकलेल्या वजनाइतका; दोन्ही बाजूंना वजनं असतील तर त्यांची सरासरी; कप्पी टांगलेल्या वरच्या हुकावर दोन्हींची बेरीज; आणि कप्पी आली की जोर निम्मा. दहावीपर्यंत ‘ताण’ शिकलेल्या मुलांना पीयूसीत तीच गोष्ट ‘टेन्शन’ म्हणून इंग्रजीत भेटते. अशा वेळी असा मेसेज फार आधाराचा वाटतो, म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा. खाली गुरुत्वीय त्वरण 10 मी/से² धरलं आहे. दोरी आणि कप्पी हलकी, घर्षण नाही.

पहिली ओळ खरी आहे ती वजन स्थिर असेल किंवा एकसारख्या वेगानं जात असेल तेव्हाच. गुळगुळीत टेबलावर 3 किलोचा ठोकळा, त्याची दोरी काठावरच्या कप्पीवरून खाली आणि तिला 2 किलो लटकवलेले. ताण 20 न्यूटन धरला, तर त्या 2 किलोवर निव्वळ बल शून्य येतं. मग ते खाली वेग घेईलच कसं? खरं त्वरण 20 ÷ 5 = 4 मी/से², आणि टेबलावरच्या ठोकळ्याला ओढणारी फक्त दोरीच, म्हणून ताण 3 × 4 = 12 न्यूटन.

दुसरी ओळ सगळ्यात फसवी, कारण उत्तर दोन वजनांच्या मधलं येतं आणि पटतं. एका बाजूला 4 किलो, दुसरीकडे 1 किलो घ्या. सरासरी 25 न्यूटन. आता प्रत्येक ठोकळा वेगळा काढून बघा. 4 किलोवर खाली 40, वर 25. उरले 15, त्वरण 3.75. 1 किलोवर वर 25, खाली 10. इथेही उरले 15, पण त्वरण 15! दोरी ताणत नाही, तर एकाच दोरीची दोन टोकं वेगवेगळ्या त्वरणानं कशी जातील? वस्तुमानं सारखी असतील तरच सरासरी जुळते. बरोबर मांडणी अशी: 40 − ताण = 4 × त्वरण, ताण − 10 = 1 × त्वरण. बेरीज केली की ताण उडतो; 30 = 5 × त्वरण, म्हणजे 6 मी/से². ताण 16 न्यूटन. इंग्लंडच्या जॉर्ज ॲटवुडनं 1784 मध्ये वर्णन केलेलं यंत्र हेच.

मग हुकावर 50 नाही, 16 + 16 = 32 न्यूटन. कप्पीला वजन असेल तर ते वेगळं मिळवा. राहिलेले 18 गेले कुठे, असं विचारणारा विद्यार्थी हुशार म्हणायचा: जड ठोकळा खाली जाताना 4 × 6 = 24, हलका वर जाताना 1 × 6 = 6, फरक नेमका 18.

चौथी ओळ आडावरच्या गडगडीलाच विचारा. पाण्यासकट 12 किलोचा पोहरा सावकाश ओढायला 120 न्यूटनच लागतात. सोपं वाटतं ते खाली ओढताना अंगाचं वजन कामी येतं म्हणून. दोर सरळ खाली ओढला तर गडगडीच्या आडव्या लाकडावर 240 येतात. पोहरा 5 मी/से² त्वरणानं हिसकला, तर दोरात 12 × 15 = 180. जोर निम्मा होतो तो कप्पी ओझ्याबरोबर वर जात असेल तेव्हा, आणि मग 1 मीटर चढवायला 2 मीटर दोर ओढावा लागतो. कप्पीचं स्वतःचं 1 किलो धरलं, तर 60 नाही, 65 न्यूटन.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. गणितात कप्पी 2 किलोची भरीव चकती दिली आणि दोरी घसरत नसेल, तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही. भरीव चकतीचं निम्मं वस्तुमान, म्हणजे 1 किलो, 4 आणि 1 मध्ये मिळवायचं; म्हणून त्याच 4 आणि 1 किलोला त्वरण 30 ÷ 6 = 5, ताण 20 आणि 15. मधले 5 न्यूटन चकती फिरवायला खर्ची पडतात.

परीक्षेत वेळ कमी असेल तर काढलेल्या सूत्रात एक वस्तुमान शून्य घालून बघा. दुसऱ्या टोकाला काहीच नाही, तर 4 किलो मोकळे पडतील आणि दोरी सैल, ताण शून्य. सरासरी काढली तर 20 न्यूटन येतात.