‘औदुंबर’च्या मात्रा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेच्या आठ ओळींची मी चिरफाड केली, हा तुमचा राग समजू शकतो. पण त्याच दमात तुम्ही स्वतः मात्रा (उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप: लघू अक्षराची एक, गुरूच्या दोन) मोजून कवीच्या चुकाही काढल्यात, म्हणून आधी त्या बघू.

‘शेतमळ्यांची’ आणि ‘हिरव्या कुरणांमधुन’ या ओळी तुमच्या मोजणीत २८ मात्रांच्या भरल्या, कारण जोडाक्षराआधीचे ‘म’ आणि ‘र’ तुम्ही गुरू धरलेत. संस्कृतात ठीक आहे. मराठीत त्या अक्षरावर आघात येत नसेल, तर ते लघूच राहतं. ‘हिरव्या’ मोठ्याने म्हणा, ‘र’वर जोर येतो का? दोन्ही ओळी २७च्याच. ‘औदुंबर’सारखा शेवट असेल तिथे अंत्य लघू लांबवून गुरू करायचा, ही जुनीच सवलत. ८-८-८-३ अशा आवर्तनांची (मात्रांच्या गटांची) ही समुदितमदना जाती, म्हणजे मात्रांवर बेतलेलं वृत्त. ‘गीतगोविंद’कार जयदेवाची ‘समुदितमदने रमणीवदने’ ने सुरू होणारी ओळ याच मापाची.

आता तुमचा मुख्य आक्षेप. ‘पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे’ इथे लय अडखळते म्हणता. अडखळतेच! ‘ऐल तटावर’, ‘निळासांवळा’, ‘चार घरांचे’, ‘पाय टाकुनी’: बाकी सगळीकडे आठव्या मात्रेला शब्द नीट संपतो. इथे आठवी मात्रा ‘पां’वर येते आणि ‘ढरी’ पुढच्या आवर्तनात जातं. खालच्या ‘हिरव्या कुरणांमधुन’ या ओळीतही ‘कुरणां’ अलीकडे, ‘मधुन’ पलीकडे. म्हणजे वाट चालते त्या दोनच ओळींत शब्द पहिल्या आवर्तनाची हद्द ओलांडतात. कवीने हे ठरवून केलं की कानाने, हे मी सांगू शकत नाही. पण याला दोष म्हणायला मी तयार नाही. शिवाय १६व्या मात्रेवरचा थांबा आठही ओळींत शाबूत आहे.

‘टेकडीकडे’–‘पुढे’ हे यमक मात्र कच्चंच. ‘डे’–‘ढे’च्या आधीचा स्वर जुळत नाही, ‘ड’–‘ढ’ही वेगळे. तिथे मी बालकवींची वकिली करणार नाही.

राहिला शेवटच्या ओळीतला ‘असला’. तुम्ही त्याला भरतीचा शब्द म्हणता. मग काढा, त्याजागी ‘तेथे’ घाला: ‘पाय टाकुनी जळांत बसला तेथे औदुंबर’. मात्रा चारच्या चार, मीटरची काही तक्रार नाही. पण ‘बसला’वर थांबून लगेच ‘असला’ने उचललेला तो प्रास गेला, आणि इतका वेळ नजर जिच्याकडे चालली होती ती गोष्ट बोटाने दाखवणंही गेलं. उरली ती नुसती माहिती, की तिथे एक झाड आहे.