गाडी हिंडेल, राहणार नाही

युरोपातल्या देशांनी आपसांतल्या सीमा पुसून टाकल्या, असे पाठ्यपुस्तकापासून व्हिसा एजंटापर्यंत सगळेच आपल्याला सांगत असतात. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या आणि आज एका व्हिसावर २९ देश हिंडता येतात. यात खोटे काही नाही. फक्त त्या बोटीवर मोटारी भाड्याने देणाऱ्यांपैकी कोणाला बोलावलेले नव्हते.

आमचा बेत साधा होता. पॅरिसहून निघायचे, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या अल्सास प्रांतातली द्राक्षमळ्यांची गावे पाहायची, ऱ्हाइन नदी ओलांडून जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये हिंडायचे आणि फ्रँकफुर्टहून मुंबईचे विमान पकडायचे. बेताची सूत्रे आमच्या साडूंकडे होती. ते लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले असले, तरी लेखापरीक्षण त्यांच्यातून निवृत्त झालेले नाही. पॅरिसला मोटार घेऊन ती फ्रँकफुर्टला सोडली तर काय पडेल, हे त्यांनी संगणकावर पाहिले. भाडे वाजवी होते; मात्र त्याच्या खालच्या ओळीत, गाडी परदेशात सोडण्याचा आकार म्हणून, भाड्याहूनही मोठी रक्कम बसलेली होती. साडूंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले, आणि मग ते वाक्य आम्हा सर्वांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवले.

त्यामागचे कारण ऐकल्यावर मात्र रागावणेही अवघड होते. फ्रेंच पाटीची गाडी जर्मनीत सोडली, तर कोणीतरी ती चालवत परत न्यायची असते आणि त्या कोणीतरीचा पगार, इंधन व टोल आपल्या बिलात येतो. तीच गाडी घेऊन आपण शेजारच्या देशात मनसोक्त भटकून आलो, तर सहसा कोणाची हरकत नसते. थोडक्यात, वडिलांनी मुलाला सांगावे तसे होते: कुठेही हिंड, पण दिवेलागणीला घरी ये.

साडूंनी तत्काळ नवे धोरण जाहीर केले. देशाच्या आत हिंडायला मोटार, लांब पल्ल्याला आणि देश बदलताना रूळ. कागदावर हे धोरण निर्दोष होते. पॅरिस ते अल्सासमधले स्ट्रासबुर्ग हे अंतर रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, वाटेत टोल आहे, आणि टीजीव्ही ही फ्रान्सची अतिवेगवान आगगाडी तेच अंतर पावणेदोन तासांत कापते. शिवाय फ्रान्समधल्या आगगाड्या आपल्यासारख्या डावीकडून धावतात, ही बाब आम्हाला त्या परक्या मुलुखात मोठा मानसिक आधार देणारी वाटली. तो आधारही अल्सासमध्ये संपला. १८७१ ते १९१८ या काळात हा प्रांत जर्मनीकडे होता, जर्मन गाड्या उजवीकडून धावतात, आणि ती सवय तिथल्या रुळांनी आजतागायत सोडलेली नाही. जुन्या मार्गांवर पूर्वीच्या सरहद्दीजवळ एक रूळ पुलावरून दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो आणि बाजू बदलतो. १८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांत ज्या प्रांताने चार वेळा मालक बदलला, तिथे चार माणसांना एक लहानशी मोटार नदीपलीकडे सोडता येऊ नये, हे साडूंना इतिहासाच्या दृष्टीनेही विसंगत वाटत होते.

स्ट्रासबुर्गच्या काउंटरवर अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते, असे कळले. कार्ड साडूंचे होते. त्यामुळे पुण्यात सायकलखेरीज काहीही न चालवणारे साडू कागदोपत्री मुख्य चालक झाले, आणि आरटीओच्या आंतरराष्ट्रीय परवान्यासह सुकाणू धरणारा मी, रोजचा वेगळा आकार भरून, ‘जादा चालक’ ठरलो. पुढे प्रत्येक चौकात त्यांनी हा हुद्दा मला ऐकवला. डिकीत दोन बॅगा मावल्या. उरलेल्या दोन, आमच्या अर्धांगिनी ज्या सख्ख्या बहिणी आहेत, त्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या, आणि त्यामुळे त्या दोघींचा संवाद प्रवासभर भिंतीपलीकडच्या शेजारणींसारखा चालू राहिला. वळताना मी दिव्याचा इशारा देऊ लागलो, की कोरड्या काचेवर वायपर फिरत. समोरचे फ्रेंच चालक आकाशाकडे पाहत.

गाडी परत करण्याचा दिवस रविवार होता. नदीपलीकडे, म्हणजे हाताच्या अंतरावर, जर्मनी दिसत असताना आम्ही टाकी भरायला पंप शोधत उलट्या दिशेने शहराबाहेर गेलो, आणि एकेरी रस्त्यांच्या कृपेने स्थानकाचे ते प्रसिद्ध काचेचे आवरण तीन बाजूंनी न्याहाळून भुयारी वाहनतळात उतरलो. काउंटर बंद होते. भिंतीत पत्रपेटीसारखी फट होती आणि तिच्यावरच्या सूचनेचा अर्थ असा, की किल्ली आत टाकावी, परंतु कार्यालय उघडेपर्यंत गाडीची जबाबदारी आपलीच राहील. साडूंनी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, छताचा काढला, मग टायरांचे काढले, आणि किल्ली फटीत सोडताना हात पोळल्यासारखा मागे घेतला.

त्यानंतरचे सीमोल्लंघन म्हणजे एक ट्राम. स्ट्रासबुर्गची डी मार्गाची ट्राम २०१७ पासून ऱ्हाइनवरच्या पुलावरून जर्मनीतल्या केलपर्यंत जाते आणि तिला शहरातले साधे तिकीट चालते. डब्यात कोणाला परदेशी निघाल्याचे सोयरसुतक नव्हते. बरेच जण रिकाम्या पिशव्या घेऊन निघाले होते, कारण तंबाखू नदीपलीकडे स्वस्त मिळते. नदी आली आणि गेली. एका देशात कायद्याने आमची असलेली गाडी कुलूपबंद होती आणि आम्ही दुसऱ्या देशात बॅगा ओढत होतो. दोन सरकारांनी याची दखल घेतली नाही, साडूंनी मात्र रात्रभर घेतली.

दुसऱ्या दिवशी ऑफेनबुर्गला जर्मन मोटार मिळाली. ती फ्रँकफुर्टला सोडायची होती, म्हणजे सगळा मामला एकाच देशातला. कोणकोणत्या देशांत जाणार, असे अर्जात विचारले होते. तिथे साडूंनी ‘जर्मनी’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. फ्रान्समध्ये नेलीत तरी हरकत नाही, असे काउंटरवरच्या बाईंनी हसून सांगितले. साडू हसले नाहीत.

फ्रायबुर्गच्या वाटेवर महामार्ग तुंबला. नकाशावाल्या बाईंनी गोड आवाजात नवा मार्ग सुचवला: समोर दिसणारी कोंडी टाळा, पूल ओलांडून फ्रान्समधून जा, खाली पुन्हा जर्मनीत या, बारा मिनिटे वाचतील. मागच्या सीटवरून बॅगांच्या दोन्ही बाजूंनी एकमुखाने पाठिंबा आला. मुख्य चालकाने फोन बंद करून खिशात ठेवला आणि मला पुढच्या मालमोटारीपासून योग्य अंतर राखायला सांगितले.