उणे तीन डझन हापूस

हापूसची पेटी चार डझनाची असते, पाचाची असते, फळ बारीक असेल तर आठाचीही भरतात, पण उणे तीन डझनाची पेटी देवगड तालुक्यात आजवर कोणी भरली नसावी. माझ्या लॅपटॉपने भरली. आणि ती नेमकी काकांनी बघितली.

काकांची कलमं आहेत, मुंबई-पुण्याला पेट्या जातात, हिशेब सगळा एका लाल वहीत. मला म्हणाले बिलाचं कायतरी कर. सरळ माणसाने एक्सेल उघडलं असतं, मी हॅस्केल उघडलं, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा. ऑफिसात जे कोणी लिहू देत नाही ते घरच्यांवर आजमावायचं ही आयटीवाल्यांची जुनी खोड, तिला औषध नाही.

हॅस्केल म्हटलं की प्रोग्रॅम तपासणारं क्विकचेक आलंच. 2000 साली स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या कून क्लासेन आणि जॉन ह्यूज या दोघांनी ते लोकांपुढे ठेवलं, आणि डोकं खरंच झकास लावलंय. टेस्टसाठी उदाहरणं आपण रचायची नाहीत, आपण फक्त नियम सांगायचा, मग ते आपल्या मनाने वाट्टेल तो डेटा बनवून तो नियम 100 वेळा तपासतं. माझा नियम साधा होता, बिल कधी शून्याखाली जात नाही. काकांना विचारूनच लिहिला होता. "बिल उणे कसा जायत रे?" असं ते स्वतः म्हणाले, हे लक्षात ठेवा.

आता त्या शंभरातल्या पहिल्या टेस्टपर्यंत पोचायचं कसं, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्याकडे नेटवर्क येतं ते खळ्याच्या कडेला गडग्यावर, तेही फोन एका ठरावीक दगडावर ठेवला तर. लिहिलेला प्रोग्रॅम चालण्याजोगा करणारा हॅस्केलचा कंपायलर जीएचसी काही लहान प्रकरण नाही, तो उतरायला लागला तेव्हा आई सोलं वाळत घालत होती, ती सोलं उन्हं खाऊन गोळा होऊन आत गेली तरी डाउनलोड चालूच, मध्ये लाईट गेली, आली, परत गेली. एकदाचं झालं आणि बिल्ड लावलं तर प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो, कॅनॉट फाइंड मायनस एलजीएमपी.

"काय गावत नाय?" काकांनी पडवीतून विचारलं.

"जीएमपी, काकानू."

"ता देवगडात नाय गावाचा. कणकवलीक बघ."

जीएमपी म्हणजे कितीही मोठ्या आकड्यांची गणितं करणारी सी मधली लायब्ररी, हॅस्केलचा इंटिजर तिच्याच जिवावर हवा तेवढा फुगतो, आणि लिनक्सवर तिचं डेव्ह पॅकेज वेगळं टाकावं लागतं. टाकलं. म्हणजे विश्वातले सगळे अणू मोजायची सोय झाल्याशिवाय काकांचे आंबे मोजायला मिळणार नव्हते.

पुढचा गडी कबाल, पॅकेजं म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले कोडचे गठ्ठे जमवणारा. आणि पॅकेजं म्हणजे डिट्टो आमची भावकी. एक म्हणतं बेस, म्हणजे हॅस्केलची मूळ लायब्ररी, 4.18 च्या खालचा असेल तरच मी येणार, दुसरं म्हणतं 4.18 पासून पुढचाच हवा, आणि बेस तर जीएचसीबरोबरच येतो, तो बदलायचा म्हणजे कंपायलरच बदला, म्हणजे परत गडगा, परत तो दगड. कबाल बिचारं सगळ्यांच्या दारात जाऊन येतं आणि शेवटी कोणी कोणाला नकार दिला त्याची लांबलचक यादी छापतं, ती वाचून एवढंच कळतं की भांडण जुनं आहे. पूर्वी तर सगळी पॅकेजं एकाच घरात नांदायची, एक आणलं की दुसरं मोडायचं, लोक त्याला कबाल हेल म्हणायचे. 2019 च्या कबाल 3.0 पासून प्रत्येक प्रोजेक्टची चूल आपोआप वेगळी झाली, तरी कुरबुर आहेच. शेवटी अलाउ-न्यूअर लिहून वरच्या मर्यादा धाब्यावर बसवल्या तेव्हा गाडी हलली.

हलली म्हणजे पुढच्या एररपर्यंत. टेस्ट डॉट क्विकचेक सापडत नाही म्हणे, कारण ते हिडन पॅकेजात आहे. कुठल्या पॅकेजात ते माहितीये, व्हर्जन माहितीये, लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, बिल्ड-डिपेंड्समध्ये, नाव लिहा हेही सांगतो. अरे मग तूच लिही ना!

तर टेस्ट चालली एकदाची, आणि काका चष्मा लावून शेजारी बसले. क्विकचेक डेटाचा साइझ शून्यापासून वाढवत नेतं, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक कायम तेच, नाव रिकामं आणि मागणी 0 डझन.

"नाव नाय, गाव नाय, आंबे नाय, मगे फोन कित्याक केल्यान?"

मी म्हटलं पुढे बघा. चौथ्या टेस्टला उणे तीन डझन आले, नियम फुटला, मग त्याने ते उदाहरण आवळत आवळत उणे एकावर आणून ठेवलं, याला श्रिंकिंग म्हणतात आणि माझ्या मते क्विकचेकमधली सगळ्यात गोड गोष्ट हीच, पण काका आवळण्यापर्यंत आलेच नव्हते.

"उणे तीन डझन कोण घेता रे झिला?"

म्हणून अट घातली, चार ते आठ डझनच चालतील. तर क्विकचेक उणे शंभर ते शंभरमधले आकडे काढत बसलं, अटीत न बसणारे फेकत बसलं, आणि हजार नमुने फेकल्यावर 'गेव्ह अप' म्हणून हात वर केले. अट न घालता चूज वापरून थेट चार ते आठमधलेच काढायचे, मग शंभरच्या शंभर पास. मी खूश, काका खूश, वही मिटायची म्हणून त्यांनी शेवटची नजर टाकली, आणि ठाण्याच्या एका गिऱ्हाईकासमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, वजा 3 डझन.

"ता काय, साको गावलो म्हणान परत धाडल्यान. पैशे आमीच देवचे होते त्येका."

म्हणजे आतून खराब निघालेले आंबे परत आले होते आणि बिल उणे गेलं होतं. मी काही बोललो नाही, नुसतं काकांकडे बघितलं, ते माडाकडे बघत होते.

आता परतीच्या मालाला तारीख लागणार, आणि तारखेचा रँडम डेटा कसा बनवायचा हे क्विकचेकला मुळात ठाऊक नसतं, त्यासाठी क्विकचेक-इन्स्टन्सेस नावाचं वेगळं पॅकेज, म्हणजे भावकीत अजून एक हिस्सेदार. तो निस्तरला, दराची फील्ड जोडली, सॅम्पल लावलं की ते अकरा नमुने छापून दाखवतं, ते काकांसमोर धरले. काका बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. आठ डझन, डझनाला 1,940 रुपये.

"ह्येचो नंबर दी."

म्हटलं काकानू, हा माणूसच नाही, मशीनने बनवलाय, नाव बघा, अर्धं चिनी आहे, मध्ये एक प्रश्नचिन्ह आहे, वाचतासुद्धा येत नाही.

"नावाक काय करूचा? पैशे देता मां?"