बाउंटीचा बोर्ड भाव

अमळनेरचा मामा घरी असेल तेव्हा पैसे कुठे गुंतवावेत हा विषय काढायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो कोणी केला नाही, पण आई कडक पाळते. कारण विषय निघाला की मामा थेट १९४५ सालात जातो आणि इकडे शेवभाजी थंड होते. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याचे शेअर गावातल्या लोकांनी घेतले. १९६६ साली अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण मध्येच सोडून परतले, पुढे तुपाच्या कारखान्याची विप्रो झाली, आणि पेटीच्या तळाशी ते कागद ठेवून जे विसरून गेले होते ते बसल्या जागी कोट्यधीश झाले. हे सगळं खरं आहे. मामाच्या वडिलांनी तेच शेअर विकून बैलजोडी घेतली होती, हेही खरं आहे. विप्रोने बोनस शेअर दिले की मामा त्या बैलांची किंमत नव्याने काढतो. "आपला बैल कोटीना व्हतात रे भो!" असं म्हणून तो पानात वाढलेल्या भाजीकडे असं बघतो, जणू तीच विकून खाल्ली.

तेव्हा मी क्रिप्टोच्या बाउंटी कॅम्पेनमध्ये भाग घेतो म्हटल्यावर अख्ख्या खानदानात फक्त मामा खूश झाला. "कंपनी नवी शे ना? मंग सोडू नको," एवढाच त्याचा सल्ला.

बाउंटीचा मामला असा. नवं टोकन, म्हणजे स्वतःचं डिजिटल नाणं, काढणाऱ्यांकडे जाहिरातीला रोकड नसते, टोकन मात्र अमाप असतात, कारण ते त्यांनीच काढलेले असतात. मग ते जाहीर करतात की आमच्या पोस्ट पसरवा, टेलिग्रामवर या, लेख लिहा, व्हिडिओ करा, बदल्यात आमचे टोकन घ्या. दर आठवड्याला केलेल्या कामाचा अहवाल भरायचा. त्यावर स्टेक, म्हणजे वाट्याचे गुण, मिळतात. कॅम्पेन संपलं की बाजूला काढलेला टोकनांचा साठा सगळ्यांच्या स्टेकच्या प्रमाणात वाटायचा. २०१७ साली या धंद्याला ऊत आला होता. आता ऊत ओसरलाय, पण रोज नवं काहीतरी निघतंच. आणि कटकट कामाची नाहीच. काम कोणीही करील. कटकट आहे ती निवडायची.

मी सावदा-फैजपूर पट्ट्यातला केळीवाला. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. मोटार चालू करून ड्रिपचे कॉक फिरवले की पुढे बांधावर बसून राहण्याशिवाय काम नसतं, आणि क्रिप्टोवाल्यांचे सगळे मुहूर्त यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतात. त्यांचं प्रश्नोत्तराचं सत्र १६ वाजता म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. त्यांचा अहवाल भरायचा शेवटचा क्षण रविवारी २३:५९, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, पाच एकोणतीस. हा धंदा रात्रीच्या लाईटवाल्या शेतकऱ्यांसाठीच काढलाय असं माझं प्रामाणिक मत आहे.

निवड नीट व्हावी म्हणून मी एक्सेलमध्ये तक्ता केला. श्वेतपत्रिकेला (म्हणजे प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेला) दहा गुण, रोडमॅपला दहा, टीमला पंधरा, भागीदारांच्या लोगोंना पाच. या तक्त्याची गंमत अशी की सगळ्याच प्रकल्पांना ऐंशी टक्क्यांच्या वर गुण पडायचे. श्वेतपत्रिका सगळ्यांचीच चकचकीत (पुष्कळदा एकच, फक्त नाव बदललेलं), रोडमॅप सगळ्यांचाच तिसऱ्या तिमाहीत जग बदलणारा, आणि लोगो काय, ते कोणीही कोणाचेही चिकटवतो. दहावीच्या तोंडी परीक्षेला पडतात तसे सगळ्यांना भरघोस मार्क. एकदा अप्पा, म्हणजे आमचे वडील, मागून डोकावले. त्यांना वाटलं मी कटाईचा हिशोब करतोय.

"हे काय लिहू राह्यला?"

मी सांगितलं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी उभी हयात केळीच्या व्यापाऱ्यांबरोबर घालवलीय. माल कापून घेऊन गेलेला आणि नंतर फोन न उचलणारा व्यापारी काय असतो हे त्यांना शिकवायला लागत नाही. ते खाटेवर टेकले आणि त्यांनी विचारलं, "एक लाख डॉलर लिहिलंय, तो भाव कोनी लावला?"

"त्यांनीच."

"मंग बोर्ड भावच झाला तो. बोर्डावर भाव लिहायला खडू लागतो, पैसे लागत नाहीत."

आमच्या पट्ट्याबाहेरच्यांसाठी सांगतो. केळीचा भाव रावेरला, बऱ्हाणपूरला जाहीर होतो, तो बोर्ड भाव. शेतात गाडी लागल्यावर व्यापारी जो देतो तो वेगळा. घड बारीक, दांडा मोठा, माल काळा, दिल्लीत उठाव नाही, अशा कारणांनी बोर्डावरचा आकडा शेतापर्यंत येता येता वाळून जातो. अप्पांचं वाक्य ऐकलं आणि मी तक्ता बाजूला सारून साधा हिशोब मांडला. समजा, बाउंटी एक लाख डॉलरची. त्यातला ट्विटरवरच्या (आताच्या एक्सवरच्या) कामाचा वाटा वीस टक्के, म्हणजे वीस हजार. भाग घेणारे दोन हजार. म्हणजे माणशी दहा डॉलर, तेही आठ-दहा आठवडे राबल्यावर आणि त्यांच्याच खडूच्या भावाने. आता टोकन बाजारात आलं की हे दोन हजार लोक एकदमच विकायला निघणार, कारण फुकटात आलेला माल कोणी माळ्यावर ठेवत नाही. भाव दहाव्या हिश्श्यावर येतो. दहाचा एक डॉलर झाला. तो एक डॉलर, हे टोकन ज्यावर चालतात त्या इथेरियमच्या जाळ्यावरून हलवायला गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, लागते, आणि गर्दीच्या वेळी ती एका डॉलरहून कितीतरी जास्त असू शकते. म्हणजे मजुरी आणायला जायचं भाडं मजुरीपेक्षा मोठं. हा हिशोब मी मामाला दाखवला तर तो म्हणाला, "मंग ईकू नको." बैलांपासून त्याचं हे एकच धोरण आहे.

पुढचा प्रश्न अप्पांनी माल किती निघणार असा केला. बिटकॉइनचं उत्तर सोपं आहे: २ कोटी १० लाख, त्याच्या वर एक नाही. बाउंटीवाल्यांच्या टोकनांचे आकडे अब्जांत असतात. ते एक वेळ चालेल. पण टोकन ज्या कंत्राटावर चालतं त्याचा कोड उघडून बघितला तर काहींमध्ये मालकाला हवे तेव्हा नवे टोकन काढायची सोय ठेवलेली असते. हे इथरस्कॅनवर, म्हणजे इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, कोणालाही दिसतं, फक्त बघावं लागतं. तिथेच किती टोकन किती जणांच्या डिजिटल पाकिटात आहेत तेही कळतं. पहिल्या दहा पाकिटांत नव्वद टक्के माल असेल तर आपण कोणासाठी हमाली करणार हे वेगळं सांगायला नको. अप्पा म्हणाले, "त्याच्या बागेत रोजच नवा घड, मंग भाव कसा टिकंल?"

पैसे कधी, या प्रश्नावर तर बरेच प्रकल्प गळाले. टोकन एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बाजारात, लागल्यानंतर मिळणार, कधी लागणार ते ठरलेलं नाही, लागल्यावर सहा महिने कुलूप, मग महिन्याला दहा टक्के. "कटाई झाली, गाडी सावदा स्टेशनवरून दिल्लीला गेली, केळी पिकून खाल्ली गेली, आन् पैसे दोन पोळे सोडून!" अप्पा हे इतक्या मनापासून म्हणाले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

आणि मग त्यांचा आवडता प्रश्न आला. पळाला तर धरायचं कोनाला?

या प्रश्नासाठी टीमचे फोटो बघायचे असतात. फोटो टाकून तो नेटवर आणखी कुठे आहे हे शोधता येतं, तसा मी एका मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा शोधला. हसरा, कोटातला, वीस वर्षांचा ब्लॉकचेनचा अनुभव असलेला गोरा माणूस. ब्लॉकचेनलाच, म्हणजे क्रिप्टो ज्या नोंदवहीवर चालतं तिलाच, तेव्हा वीस वर्षं झाली नव्हती, हे जाऊ द्या. हाच माणूस दुसऱ्या एका देशात दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत, त्याच कोटात, तसाच हसत होता. दात खरोखर चांगले होते. मी अप्पांना म्हटलं, पण माणूस माहीत नसणं म्हणजे फसवणूकच असं नाही. बिटकॉइन काढणारा सातोशी नाकामोटो कोण हे २००८ पासून आजवर उघड झालेलं नाही, तरी बिटकॉइन चाललंच ना?

अप्पांनी क्षणभर विचार केला. "त्यानं तुझ्याकून उधारीवर काम करून घेतलं व्हतं का?"

यावर आजतागायत मला उत्तर सुचलेलं नाही.

तरीही मी हा प्रश्न एका प्रकल्पाच्या टेलिग्राम ग्रुपवर जसाच्या तसा इंग्रजीत टाकला: पैसे मिळाले नाहीत तर कोणाच्या दारात जायचं? ग्रुपमध्ये हजारो लोक. त्यातले बहुतेक दर मिनिटाला 'ग्रेट प्रोजेक्ट' म्हणणारे. आमच्याकडे सप्त्यात टाळकऱ्यांनी धरावा तसा त्यांनी ताल धरलेला. माझ्या प्रश्नानंतर चार 'ग्रेट प्रोजेक्ट' पडले, आणि पाचव्याच्या आत मी ग्रुपमधून बाहेर. व्यापारी निदान 'नेटवर्क नव्हतं' तरी म्हणतो. पण ग्रुपमधून काढलं जाणं ही माझ्या मते उत्तम चाळणी आहे. तक्त्यातल्या सगळ्या गुणांपेक्षा ती लवकर निकाल देते आणि वर नेटही कमी जातं.

काही गोष्टींवर फार विचार करायचा नसतो. पाकिटाची किल्ली असलेले बारा शब्द मागणारा, टोकन काढून घ्यायला आधी फी भरा म्हणणारा, नाहीतर पाकीट जोडा आणि डोळे मिटून सही करा म्हणणारा, या तिघांना बांधावरूनच वाटेला लावावं. आधार कार्ड हातात धरून फोटो मागणाऱ्यांनी ते पहिल्या दिवशी सांगितलं तर एक वेळ ठीक. काम संपल्यावर मागणाऱ्यांचा हेतू अर्ध्या लोकांनी कंटाळून टोकन सोडून द्यावेत हाच असतो.

कराचं जळगावच्या सीएंना विचारलं. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्या कशातूनही वजा करता येत नाही. "आन् केळीवर?" अप्पांनी विचारलं. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांना फक्त सीएंच्या तोंडून ते माझ्यासमोर ऐकायचं होतं.

मामाला यातलं काहीच पटलं नाही. मे महिन्यात तो मुक्कामी होता. पंचेचाळीस डिग्रीत दारं लावून बसलेलो, तेव्हा त्याला गप्प करायला म्हणून मी एक खरी गोष्ट सांगितली आणि ती अंगाशी आली. क्रिप्टोतही एक अमळनेर झालेलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप या टोकनांची अदलाबदल करणाऱ्या सेवेने, आधी ज्यांनी ज्यांनी ती वापरली होती त्यांच्या पाकिटाच्या प्रत्येक पत्त्याला निदान ४०० युनी टोकन सहज वाटले. सुरुवातीला हजार-बाराशे डॉलर मिळत होते. पुढच्या मे महिन्यात तेवढ्याच टोकनांचे पंधरा हजार डॉलरच्या वर गेले. मामाचे डोळे पाणावले. पण ते मिळालेल्या लोकांनी एकही जाहिरात पसरवली नव्हती, ग्रेट प्रोजेक्ट म्हटलं नव्हतं, ते बापडे फक्त आपले व्यवहार करत होते, हा उत्तरार्ध ऐकायच्या आत मामा आईला सांगायला स्वयंपाकघरात पोचला होता.

शेवटी जे कॅम्पेन पकडलं ते अप्पांच्या प्रश्नांतून पार झालं. मॅनेजर अनेक वर्षं याच नावाने काम करणारा, म्हणजे त्याला घालवायला काहीतरी नाव आहे. पैसे त्यांच्या टोकनमध्ये नाहीत, यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरला बांधलेल्या नाण्यात, एकास एक डॉलर. सगळी रक्कम आधीच तिसऱ्याच्या हवाली ठेवलेली, आणि तो पत्ता उघडून बघता येतो. वाटप दर शनिवारी. रक्कम ऐकून अप्पा म्हणाले, "निंदणीच्या बायाबी येनार नाहीत एवढ्यात." पण शनिवारी पैसे आले तेव्हा त्यांनी चष्मा लावून आकडा स्वतः वाचला.

मला घेतलं ते मात्र माझ्या खात्यामुळे. त्यांना विकतचे नव्हे, खरे अनुयायी असलेली खाती हवी होती. मी आधीपासून संध्याकाळी केळीचे भाव टाकायचो, त्यामुळे माझे अनुयायी म्हणजे रावेर, यावल, चोपडा, बऱ्हाणपूरचे शेतकरी, काही गाडीवाले आणि कटाईच्या दोन-तीन टोळ्यांचे मुकादम. सगळे खरे. आता मी टोकनची पोस्ट टाकतो, आणि त्यांना वाटतं आजचे भाव आले. त्याखाली लगेच प्रतिसाद सुरू: रावेर बोर्ड किती? कालच्यापेक्षा रावेर बोर्ड वर का? रावेर बोर्ड पडणार का भो? पन्नास-पन्नास लोक, रोज, न चुकता.

मॅनेजर खूश आहे. सगळ्या कॅम्पेनमध्ये एवढी खरी चर्चा दुसऱ्या कोणाच्याच पोस्टखाली होत नाही, म्हणून त्याने माझे पैसे थोडे वाढवलेही. परवा त्याचा निरोप आला. तुझे सगळे लोक ज्याचा भाव विचारतात ते रावेर बोर्ड कुठलं टोकन आहे, आणि ते कोणत्या एक्स्चेंजवर मिळतं?

मी अप्पांना विचारून कळवतो असं सांगितलंय. अप्पा म्हणतात, आधी त्याला विचार, गाडी कोणाची लागणार आणि कॅरेट कोण देणार.